सफरीची गाडी घेताना

लग्नसराई, मुलांच्या सुट्ट्या आणि उरूस यांचे दिवस जवळ आले की अनेक घरांतून एकच बोलणे ऐकू येते. आपली स्वतःची एक गाडी असावी, तीत झोपण्याची सोय असावी, पाणी असावे, आणि लॉज शोधत न फिरता सगळ्या कुटुंबाने अजमेरपर्यंत जाऊन यावे. फिरत्या धंद्यातील बांधवांचेही असेच म्हणणे असते. आठवडी बाजारांतून गाद्या, बांगड्या, अत्तर, भांडी किंवा तयार कपडे विकणाऱ्याला कित्येक रात्री घराबाहेर काढाव्या लागतात आणि मालाजवळच झोपावे लागते. त्याच्या दृष्टीने झोपता येणारी गाडी हा शौक नाही, ती गरज आहे.

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात ही गरज जास्त जाणवते. मोखाडा तालुक्यातील पोशेऱ्यासारख्या गावाचा विचार करा. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा निघाला तेव्हा हा तालुका नव्या जिल्ह्यात आला, पण भूगोल तोच राहिला. एका अंगाला नाशिकची बाजारपेठ, दुसऱ्या अंगाला मुंबई, आणि कोणीकडेही जायचे म्हटले तरी वाटेत घाट. मुक्कामाची जी थोडीफार सोय आहे ती जव्हार शहरात. कुटुंबासह बाहेर पडणाऱ्याला रात्र कुठे काढायची हा प्रश्न निघण्याआधीच सोडवावा लागतो.

२०२१ साली महाराष्ट्र सरकारने कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. त्याच वर्षी केरळनेही असे धोरण जाहीर केले. तेव्हापासून अशा गाड्यांची चर्चा वाढली आहे आणि आपल्या समाजातील काही हौशी मंडळीही चौकशी करू लागली आहेत. चौकशी करणे चांगलेच. परंतु या व्यवहारात पंधरा-वीस लाख रुपये सहज गुंततात, आणि चूक झाली तर रक्कम तर जातेच, शिवाय अपघातानंतरची भरपाई मालकाच्या घरादारावर येते. म्हणून आमचे मत असे की गाडीचा प्रकार सर्वांत शेवटी ठरवावा. त्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहून काढाव्यात : वर्षाला किती रात्री गाडीत झोपणार, कोणत्या रस्त्यांवर ती चालणार, आणि आरसी बुकात तिची नोंद कोणत्या वर्गात होणार.

नावांचा घोळ

आपल्याकडे 'कॅम्पर' म्हटले की निम्म्या लोकांना लग्नातला थंड पाण्याचा जार आठवतो आणि उरलेल्यांना महिंद्राची बोलेरो कॅम्पर. ही बोलेरो कॅम्पर नावाने कॅम्पर असली तरी तीत झोपण्याची काही सोय नाही. ती दुहेरी केबिनची पिकअप आहे, पुढे माणसे आणि मागे हौद. नाव ऐकून गाडी बघायला जाऊ नये.

झोपण्याच्या गाड्यांचे प्रकार अमेरिकेत अक्षरांवरून ओळखले जातात. 'ए' वर्ग म्हणजे बस किंवा ट्रकच्या चेसिसवर बांधलेले चालते घर. 'बी' वर्ग म्हणजे तयार व्हॅनच्या आतच बिछाना, ओटा, कपाटे बसवलेली गाडी. 'सी' वर्ग या दोहोंच्या मधला. त्यात गाडीची केबिन मूळचीच ठेवतात, मागे खोलीसारखी बॉडी बांधतात आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर एक माळा काढतात. सर्वांत मोठी 'ए', सर्वांत लहान 'बी' आणि मधली 'सी', असा हा उलटसुलट क्रम असल्याने नवखा माणूस फसतो. याखेरीज इंजिन नसलेले, मोटारीमागे ओढायचे घर असते, त्यालाच युरोपात कॅरॅव्हॅन म्हणतात. आणि पिकअपच्या हौदात उचलून ठेवायची व पाहिजे तेव्हा काढून ठेवायची खोली असते. आपल्याकडे मात्र सरकारी कागदांत आणि बोलण्यात सरसकट सगळ्यांनाच कॅरॅव्हॅन म्हणतात.

आपल्या डोंगराच्या दृष्टीने यांतले दोन प्रकार ताबडतोब बाद करावेत.

पहिला बसवरचा. सिनेमावाल्यांच्या व्हॅनिटी व्हॅन पाहून अनेकांना मोह होतो. त्या गाड्या शहरात, सपाट रस्त्यावर, दिवसभर एका जागी उभ्या राहण्यासाठी बनतात. मोखाड्याहून त्र्यंबकेश्वरकडे जाताना लागणाऱ्या तोरंगण घाटात, किंवा कसाऱ्याहून विहीगाव-खोडाळ्याकडे येणाऱ्या वळणांवर समोरून एसटी आली तर एवढे धूड मागे घ्यायचे कसे? शिवाय गावातील झाडांच्या फांद्या आणि खाली लोंबणाऱ्या विजेच्या तारा यांचा विचार वेगळाच.

दुसरा ओढण्याचा. मागे घर जोडलेली मोटार रिव्हर्स घेताना स्टेअरिंग उलटे फिरवावे लागते. ही कला सरावाने येते, पण घाटात सराव करता येत नाही. उतारावर मागचे वजन पुढच्या गाडीला ढकलते. ट्रेलरची नोंदणी स्वतंत्र करावी लागते ती वेगळीच. समतल मुलुखात आणि रुंद रस्त्यांवर हा प्रकार उत्तम आहे, स्वस्तही पडतो, कारण मुक्कामी घर सोडून मोटार मोकळी फिरवता येते. आपल्याकडे तो अडचणीचा आहे.

मग राहिले काय?

व्हॅनच्या आत बांधलेली गाडी आपल्याला सर्वांत जवळची. त्यासाठी आपल्या राज्यात जिचे नाव प्रथम निघते ती फोर्सची ट्रॅव्हलर. कंपनीचे पूर्वीचे नाव बजाज टेम्पो, पुण्याजवळ आकुर्डीची. २००५ साली नाव फोर्स मोटर्स झाले, तरी लोक अजून 'टेम्पो ट्रॅव्हलर'च म्हणतात. १९८७ पासून ही गाडी महाराष्ट्राच्या रस्त्यांवर आहे. त्यामुळे तालुक्याच्या गावातील मिस्त्रीलाही तिचे इंजिन आणि पाटे ठाऊक असतात. हा गुण कोणत्याही जाहिरातीत लिहिलेला नसतो, पण रात्री नऊ वाजता खोडाळ्याच्या अलीकडे गाडी बंद पडली की त्याची किंमत कळते. उंच छताच्या ट्रॅव्हलरमध्ये मध्यम उंचीचा माणूस जवळजवळ ताठ उभा राहू शकतो. टाटाची विंगर २००७ पासून आली, तीही याच कामाची. फोर्सचीच अर्बानिया अधिक आरामाची आहे, पण किंमतही तशीच.

पिकअपवर खोली बांधण्याचा प्रकार आपल्याकडे नवा आहे. २०२२ साली महिंद्रा कंपनीने कॅम्परव्हॅन फॅक्टरी या संस्थेबरोबर करार जाहीर केला आणि बोलेरो कॅम्पर गोल्डच्या चेसिसवर चार माणसांची सोय असलेली गाडी काढण्याचे ठरवले. कल्पना चांगली आहे. बोलेरोचे चेसिस डोंगराला सरावलेले असते. मात्र अशा गाडीत वजन वर जाते. पिकअपवर उंच खोली चढली की वळणावर ती झुलते, आणि पावसाळी वाऱ्यात अधिकच. ज्याने गवताचा उंच भारा लादलेला टेम्पो घाटात चालवला आहे त्याला हे समजावून सांगावे लागणार नाही.

आणि शेवटचा प्रकार, जो कोणी विकत नाही म्हणून कोणी सांगतही नाही : घरची साधी गाडी आणि सुटा बिछाना. मारुतीची ओमनी २०१९ साली बंद झाली. तिची जागा २०१० साली आलेल्या ईकोने घेतली आहे. ईकोत मागच्या सीटा न काढता, वर सुट्या फळ्या आणि कापसाची गादी टाकून दोन माणसांची झोप होते. उरलेल्यांसाठी शेजारी तंबू. वर्षाकाठी आठ-दहा रात्रींसाठी याहून अधिक खर्च करण्यात शहाणपण नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. मागची सीट मात्र काढून टाकू नये. सुटी फळी सामानात मोडते, पण सीट काढली की आरसीवरची आसनसंख्या आणि प्रत्यक्ष गाडी यांचा मेळ राहत नाही.

वजनाचा हिशेब

गाडी घेणारा लांबी-रुंदी मोजतो, बिछाने मोजतो. वजन कोणीच मोजत नाही. येथेच बहुतेक घरगुती बनावटीच्या गाड्या बिघडतात.

सहा माणसांचे कुटुंब धरा. सरासरी ६० किलोप्रमाणे माणसांचे ३६० किलो झाले. पाण्याची १०० लिटरची टाकी म्हणजे १०० किलो. दोन मोठ्या ट्युब्युलर बॅटऱ्या साधारण १०० किलो. प्लायवूडचे पलंग, कपाटे, ओटा यांचे २०० किलो सहज होतात. भांडी, शेगडी, शिधा ६० किलो. अंथरूण-पांघरूण आणि कपडे १२० किलो. बेरीज ९४० किलो झाली, आणि अजून कोणी माल भरलेला नाही. फिरता व्यापारी याच्यावर गाद्यांचा किंवा भांड्यांचा माल चढवणार. आरसीवर दोन आकडे असतात, रिकाम्या गाडीचे वजन आणि भरल्या गाडीचे कमाल वजन. दोहोंतील फरक एवढीच आपली मुभा. ती ओलांडली की प्रथम पाटे बसतात, मग टायर, आणि उतारावर ब्रेक तापतात. बॉडी तयार झाल्यावर गाडी एकदा रिकामी आणि एकदा भरून वजनकाट्यावर नेली तर भांडणाचा प्रश्नच उरत नाही.

आपल्या सुतार बांधवांना येथे एक विनंती. घरातील फर्निचरची सवय गाडीत चालत नाही. घरात १९ मिलिमीटरचे प्लाय वापरतात तेथे गाडीत ॲल्युमिनियमच्या चौकटीवर ६ किंवा ९ मिलिमीटरचे चालते. खिळ्याने ठोकलेले कपाट खड्ड्यांत महिनाभरात हलू लागते, म्हणून जोड नटबोल्टने आणि रबरी वॉशर घालून करावेत. प्रत्येक दाराला खटका हवा, नाहीतर पहिल्याच वळणावर कपबश्या जमिनीवर येतात.

पाणी, वुजू आणि पडदा

आपल्या कुटुंबांची एक गरज इंग्रजी पुस्तकांतील गाड्यांत धरलेली नसते. सहा माणसे पाच वेळा वुजू करणार म्हणजे दिवसाला तीस वुजू. नळ मोकळा सोडून केल्यास शंभर लिटरची टाकी दुपारपर्यंत संपेल. रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि व सल्लम एक मुद्द पाण्यात वुजू करीत असत असे हदीसमध्ये आले आहे. मुद्द म्हणजे आजच्या मापाने पाऊण लिटरच्या आसपास. तेवढ्यात भागवले तर तीस वुजूंना पंचवीस लिटरही लागत नाहीत. तोटीऐवजी बदना किंवा दाबाची बाटली ठेवली की हे सहज साधते, आणि पाण्याबरोबर वजनही वाचते.

शौचालयाबाबत आमचा अनुभव असा की पुरुषमंडळी ते नको म्हणतात आणि सफरीच्या दुसऱ्या दिवशी घरातील बायका ते का नाही म्हणून विचारतात. बायका, मुली आणि म्हातारी माणसे बरोबर असतील तर काढून साफ करता येणारे कॅसेटचे शौचालय असावेच. त्याची टाकी रिकामी करण्याची जागा निघण्यापूर्वी ठरवून ठेवावी. मोखाडा तालुक्यातच कोचाळ्याजवळ मध्य वैतरणा धरण आहे, त्याचे पाणी मुंबई पिते. ओढ्यात किंवा धरणाच्या काठी टाकी ओतणे हा गुन्हाही आहे आणि गुनाहही.

पडद्याचे म्हणाल तर ड्रायव्हरची केबिन आणि मागचा भाग यांमध्ये सरकता जाड पडदा, आणि मागच्या काचांना आतून कापडी झडपा एवढे पुरते. काचांना काळी फिल्म लावू नये, ती सर्वोच्च न्यायालयाने २०१२ सालीच बंद केली आहे.

वीज, गॅस आणि बंद दार

१५० अँपिअर-तासाची १२ व्होल्टची एक बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. शिशाची बॅटरी निम्म्याहून अधिक उतरवली तर लवकर मरते, म्हणून हाती ९०० धरावेत. २५ वॅटचे दोन पंखे रात्रभर, म्हणजे आठ तास चालवले की ४०० गेले. दिवे आणि मोबाईलचे चार्जिंग मिळून शंभर-सव्वाशे. एवढ्यात रात्र आरामात निघते. एक टनाचा एसी मात्र सुमारे हजार वॅट खातो, तो या बॅटरीवर तासभरही चालणार नाही. विक्रेता एसी दाखवील, तो कशावर चालतो हे विचारावे. उत्तर बहुधा जनरेटर असे येते.

आणि येथे आम्हाला थोडे थांबून बोलायचे आहे. डिसेंबर २०२४ मध्ये केरळच्या कोळिकोड जिल्ह्यात वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅरॅव्हॅनमध्ये दोन माणसे मृतावस्थेत आढळली. मारहाण नाही, चोरी नाही. जनरेटरचा धूर आत शिरला होता आणि त्यातील कार्बन मोनॉक्साइड वायूने झोपेतच त्यांचा जीव घेतला होता. या वायूला वास नाही, रंग नाही, झोपलेल्याला खोकलाही येत नाही. डोके जड होते आणि गाढ झोप लागल्यासारखे वाटते. जनरेटरच नव्हे, थंडीत सुर्यमाळला मुक्काम करताना आत घेतलेली कोळशाची शेगडी हेच करते. म्हणून दार बंद करून झोपायच्या जागेत कोणतीही आग, कोणतेही इंजिन नको. छताला उघडता येणारी खिडकी आणि खाली जाळी, अशी दोन्हीकडून हवा हवी. कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे लहान बॅटरीवरचे यंत्र बाजारात मिळते, ते उशाच्या उंचीवर लावावे.

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो तळाशी साचतो आणि पहिल्या काडीला पेटतो. त्यामुळे सिलिंडरचा कप्पा आतून बंद आणि तळाशी बाहेर उघडणारा असावा. घरचा १४.२ किलोचा सिलिंडर गाडीत नेऊ नये. पाच किलोचा वेगळा मिळतो. स्वयंपाक बाहेर, ताडपत्रीच्या आडोशाला केला तर उत्तमच. बिर्याणीचे पातेले असेही आत मावत नाही.

कायद्याची बाजू

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. आपल्या समाजात बॉडी बांधणारे, वेल्डर, सीटवाले, डेंटिंग-पेंटिंगवाले कारागीर पुष्कळ आहेत. त्यामुळे "जुना टेम्पो घेऊ, आपलाच माणूस बांधून देईल" असा विचार लगेच होतो. कारागिरीत तो कमी पडणार नाही. पण मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच पुन्हा बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. दंड भरून सुटता येईल, पण विमा कंपनीने बदललेल्या गाडीचा दावा नाकारला तर त्यातून सुटका नाही.

मग कायदेशीर मार्ग कोणता? मोटार कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळे मानक आहे. त्याप्रमाणे मंजुरी घेतलेल्या बॉडी बिल्डरकडून गाडी बांधून घ्यावी आणि आरसीवर तशी नोंद करून घ्यावी. मंजुरीसाठीच्या तपासण्या पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था करतात. केंद्र सरकारच्या २००४ च्या अधिसूचनेत खासगी वापराची कॅम्पर व्हॅन ही बिगर-वाहतूक गाड्यांत धरली आहे, म्हणजे तिला पांढरी पाटी मिळते. तीच गाडी भाड्याने फिरवायची असेल तर पिवळी पाटी, परवाना आणि फिटनेस हे सर्व आले. पांढऱ्या पाटीची गाडी ओळखीपाळखीत पैसे घेऊन देणे हा बेकायदा धंदा आहे, आणि हा प्रकार आपल्यात सर्रास चालतो.

लायसन्सची चिंता मात्र करू नये. एकूण ७,५०० किलोपर्यंतची गाडी हलके मोटार वाहन या वर्गात येते, आणि पाटी पिवळी असली तरी हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ती चालवता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला आहे.

याहून कळीची गोष्ट मालवाहू पिकअपची. उरूस आला की हौदात गाद्या टाकून, वर ताडपत्री बांधून वीस-पंचवीस माणसे निघतात. स्वस्त पडते, मजाही येते. पण १९९४ च्या दुरुस्तीने मालगाडीच्या विम्यात फक्त मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत माणूस धरला गेला आहे. फुकट बसलेल्या इतर प्रवाशांची भरपाई देण्यास विमा कंपनी बांधील नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली ठरवले. याचा अर्थ स्पष्ट आहे. घाटात पिकअप उलटली तर जखमींचा आणि मृतांच्या वारसांचा दावा गाडीमालकावर येतो. लाखांचा हुकूमनामा झाला की दुकान, घर, जमीन यांवर जप्ती येते. ज्यांना बसवले ते आपलेच नातेवाईक असतात, आणि दावा लावणारेही मग तेच असतात.

किती रात्री?

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. उदाहरणादाखल धरू की गाडी सर्व मिळून १८ लाखांना पडली आणि दहा वर्षांनी ६ लाखांना विकली गेली. वर्षाला १ लाख २० हजार झीज झाली. विमा, देखभाल, टायर यांचे वर्षाला ८० हजार धरा. एकूण २ लाख. ज्याने वर्षातून २० रात्री काढल्या त्याला एक रात्र १०,००० रुपयांना पडली, डिझेल वेगळे. एवढ्यात सहा माणसांना चांगल्या हॉटेलात दोन-तीन खोल्या मिळतात. ज्याने १०० रात्री काढल्या त्याला तीच रात्र २,००० ला पडली. शिवाय त्याचा माल रात्री सुरक्षित राहिला आणि पहाटे बाजारात पहिली जागा मिळाली.

म्हणून हौशी कुटुंबाने अशी गाडी विकत घेण्याऐवजी चालकासह ट्रॅव्हलर भाड्याने घ्यावी आणि मुक्कामाला खोल्या घ्याव्यात. फिरत्या व्यापाऱ्याने मात्र जरूर विचार करावा, पण त्याची गाडी वेगळी. अर्धी माल, अर्धा बिछाना. तिचा परवाना आणि नोंद आधी आरटीओत विचारून घ्यावी, कारण माल विकण्यासाठी नेणारी गाडी ही खासगी कॅम्पर राहत नाही.

पैशाचे म्हणाल तर व्याजाचा हप्ता टाळू इच्छिणाऱ्यांसाठी दोन-तीन वाटा आहेत. भावाभावांनी किंवा दोन दुकानदारांनी भागीदारीत घेणे, आणि रात्री आधीच वाटून लिहून ठेवणे, ही सर्वांत जुनी. विक्रेत्याने रोखीची किंमत न दाखवता ठरलेल्या एकाच किमतीला हप्त्यांनी विकणे, हा दुसरा मार्ग. त्याच्या अटी मात्र मुफ्ती साहेबांना दाखवून घ्याव्यात. भागीदारीत तोंडी व्यवहार नको. आरसीवर नाव एकाचेच असते आणि अपघाताची जबाबदारीही त्याच्यावर येते, म्हणून दुसऱ्याच्या हिश्श्याचा कागद स्टॅम्पवर व्हावा. गाडी वापरासाठी किंवा धंद्याचे साधन म्हणून असेल तर तिच्या किमतीवर जकात नाही. विकण्यासाठी घेतली असेल तर तो व्यापाराचा माल झाला आणि त्यावर आहे.

कारागिरांसाठी

बॉडी मंजूर बिल्डरचीच हवी, म्हणून आपल्या कारागिरांना काही उरत नाही असे समजू नये. गाद्या, सीटा, पडदे, सुटे पलंग, ताडपत्रीचा छज्जा, वायरिंगची दुरुस्ती, गळके छत बंद करणे ही कामे कायम लागतात. मंजूर बिल्डर यांतील बरीच कामे बाहेरून करून घेतात, त्यांच्याशी संबंध जोडावा. गाडीतील गादी ही घरच्या गादीसारखी नाही. ती दिवसा बसायला आणि रात्री झोपायला, दोन-तीन तुकड्यांत, कोपरे कापून करावी लागते. कापसाची गादी पावसाळ्यात ओल धरते, म्हणून खाली जाळी किंवा भोके पाडलेली फळी द्यावी. पिंजारी बांधवांपैकी ज्यांचा धंदा मशीनच्या गाद्यांनी खाल्ला, त्यांनी या कामाकडे पाहावे.

राज्याच्या २०२१ च्या धोरणात गाडीइतकाच भर कॅरॅव्हॅन पार्कवर आहे, म्हणजे अशा गाड्या रात्री उभ्या करण्याची जागा, जेथे पाणी, वीज आणि स्वच्छतागृह मिळेल. नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते. पावसाळ्यात दाभोसा धबधबा आणि सुर्यमाळ पाहायला मुंबई-नाशिकची माणसे येतात. ज्याच्याकडे रस्त्यालगत सपाट, निचऱ्याची जमीन आहे त्याने गाडी विकत घेण्यापेक्षा दुसऱ्याच्या गाड्यांना जागा देण्याचा हिशेब आधी करून पाहावा. त्यात टायर झिजत नाहीत.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी आणखी एक करावे. छप्पर कोरड्या दिवसात कधीच गळत नाही, म्हणून गाडी धुण्याच्या पंपाने वरून दहा मिनिटे पाणी मारून आत हात फिरवावा. खालून चेसिस गंजाकरिता पाहावे, आरसीवरील आणि चेसिसवरील नंबर ताडून पाहावेत, आणि पंधरा वर्षे केव्हा पुरी होतात ते मोजावे. मग विक्रेत्याला सांगावे की एक रात्र आम्ही सहकुटुंब तुमच्याच अंगणात या गाडीत झोपू, सकाळी बयाण्याचे बोलू.